कुजक्या लाकडाची राखण

१८१० साली दोन युद्धनौका पाण्यात उतरल्या. एक लंडनजवळच्या डेप्टफर्ड गोदीत बांधलेली, 'क्वीन शार्लट', शंभरावर तोफांची, ओकच्या लाकडाची. दुसरी मुंबईच्या गोदीत बांधलेली, 'मिंडेन', चौऱ्याहत्तर तोफांची, मलबारी सागाची. तिचे बांधकर्ते जमशेटजी बोमनजी वाडिया. 'मिंडेन'ने जावा ते चीन असा समुद्र पालथा घातला, म्हातारपणी हाँगकाँगला इस्पितळ-जहाज म्हणून नांगर टाकला आणि १८६१ मध्ये ती भंगारात निघाली. 'क्वीन शार्लट' मात्र समुद्रावर जायच्या आधीच आतून कुजली. वर्षभरात तिच्या तुळयांवर बुरशीचे पांढरे पापुद्रे चढले. १८१२ मध्ये आरमाराने जेम्स सोवर्बी यांना जहाजाच्या पोटात उतरवलं. इंग्लंडच्या भूछत्रांची रंगीत चित्रं काढून त्यांची पुस्तकं प्रसिद्ध करणारा हा माणूस. एका साम्राज्याला आपल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एकाच्या तपासणीसाठी भूछत्रांचा चित्रकार बोलवावा लागला.

हे दुखणं जुनंच होतं. सव्वाशे वर्षं आधी, आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युएल पेपिसने नव्या जहाजांच्या तळाशी मुठीएवढी भूछत्रं उगवलेली पाहिली होती. नेपोलियनशी युद्ध पेटलं तेव्हा ओक पुरेना. जो मिळाला तो ओला असतानाच चिरून वापरला. बंद, दमट, हवा न खेळणारं जहाजाचं पोट आणि आत न वाळलेलं लाकूड, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशीला आमंत्रणच. या धास्तीपोटी ब्रिटिश आरमाराची नजर मुंबईकडे वळली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून या घराण्याने सागाची जहाजं बांधली होती, आणि ती टिकत होती. १८१७ मध्ये इथेच बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे.

माझं बालपण रे रोडला लकडा बंदराजवळच्या एका वखारीत गेलं. वडील तिथे लाकडाची पारख करत. ओंडक्याच्या तोंडावर ते लाकडी हातोडीने ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. भरीव लाकूड खणखणीत बोलतं. आत कूज असेल तर आवाज दबतो. पुढे तेच काम मी केलं, निवृत्त होईपर्यंत. त्या धंद्यात लाकडाच्या दोनच जाती होत्या, टिकणारं आणि न टिकणारं. सागाच्या गाभ्यात तेल आणि अशी काही द्रव्यं असतात की बुरशीला आणि वाळवीलाही ती मानवत नाहीत. सागातला साग असला तरी बाहेरचा पांढरा भाग मात्र कुजतो, म्हणून वडील तो काढूनच माप धरत. आपण किंमत मोजत होतो ती लाकडाची नव्हे, बुरशीपासून मिळणाऱ्या वर्षांची, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. ते ध्यानात आल्यावर मलबारच्या जंगलाचा दोनशे वर्षांचा इतिहास मला वेगळाच दिसू लागला, आणि त्यात एक माकड दिसू लागलं.

जहाजांना साग हवा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसनला मलबार-त्रावणकोरच्या जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमलं. हिंदुस्थानातलं हे असं पहिलंच पद. पुढच्याच वर्षी सागावर कंपनीची मक्तेदारी जाहीर झाली. स्वतःच्या जमिनीतलं झाड जमीनदाराला तोडता येईना, व्यापाऱ्याला विकता येईना. ओरड इतकी झाली की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने ती मक्तेदारी मोडून टाकली. मग मोकळ्या बाजाराने उरलेला साग खाल्ला. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनली याने निलांबूरला सागाची लागवड करायला घेतली, कारण नदीकाठचा जुना साग संपत आला होता. सागाचं टणक बी रुजेना. कॉनलीच्या हाताखालच्या चातू मेनन यांनी चिकाटीने ती रोपं उभी केली. कॉनलीच्या नावाचा तो तुकडा मी पाहिला आहे. चालियार नदीच्या काठी सरळसोट, घेराला मिठीत न मावणारे सागवान. त्यांच्याकडे पाहताना माझ्यातला पारखी हरखून गेला, हे सांगायलाच हवं. पण तिथे वर पाहिलं की आभाळ दिसतं. सागाच्या शेंड्यांना एकमेकांचे हात धरता येत नाहीत, आणि उन्हाळ्यात तर ते निष्पर्णच उभे असतात.

इथून पुढे एक सोपी गोष्ट सांगण्याचा मोह होतो: साग तोडला, जंगल गेलं, माकड संपलं. ती खरी नाही. सिंहपुच्छ माकड सागाच्या जंगलात राहतच नाही. साग हे पानझडी रानाचं झाड. हे माकड त्याच्या वरच्या अंगाला, सदाहरित रानात राहतं, जिथे पाऊस महिनोन्‌महिने थांबत नाही आणि झाडांचे शेंडे एकात एक गुंतून एक सलग छत होतं. काळं कुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. लिनियसने १७५८ मध्येच त्याला शास्त्रीय नाव दिलं. केरळात सिंहवालन, कर्नाटकात सिंगळीक. जगात ते फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांत आहे. सगळी मिळून काही हजार.

त्या सदाहरित रानातली बहुतेक झाडं वखारीच्या भाषेत 'न टिकणारी'. वेडिप्लाव हे त्यांतलं मला सर्वांत आवडणारं झाड. शास्त्रीय नाव कलेनिया; मलेशियात ज्याच्यासाठी लोक वेडे होतात त्या दुरियन फळाचं हे नातलग. फांद्यांना थेट चिकटून फुलांचे झुबके येतात, आणि पुढे काटेरी, फणसासारखी दिसणारी फळं धरतात. रानात दुसरं काही फारसं पिकलेलं नसतं अशा महिन्यांत वेडिप्लाव फुलतो, म्हणून माकडं, शेकरू, वटवाघळं सगळी त्याच्यावर येऊन पडतात. सिंहपुच्छ माकड त्याच्या फुलांतला मध खातं, काटेरी फळ फोडून बिया खातं. दक्षिण सह्याद्रीत या माकडाचं वर्ष वेडिप्लावाच्या आधारानेच पार पडतं. या झाडाचं लाकूड मऊ. तोडून ओलं ठेवलं तर पावसाळा सरायच्या आत त्यावर बुरशी चढते. जहाजवाल्याला त्याचा उपयोग नव्हता, घर बांधणाऱ्याला नव्हता, आणि पहिल्या रेल्वेवाल्यालाही नव्हता.

म्हणजे वॉटसनपासून पुढची कित्येक दशकं सदाहरित रानाची राखण कोण करत होतं? डोंगर उभे होते, वाटा नव्हत्या, हिवतापाने माणसं मरत होती, हे सगळं खरं. पूनसारखी काही झाडं डोलकाठ्यांसाठी तिथूनही जात होती. पण त्याबरोबरच तिथे कुजवणारी बुरशी होती, आणि माझ्या लेखी तिचा वाटा मोठा. तिच्यामुळे त्या लाकडाला भाव नव्हता. ज्याला भाव नाही त्यासाठी हत्ती आणि गडी डोंगर चढत नाहीत. ज्या शत्रूला घाबरून माणसाने खालचा साग संपवला, त्याच शत्रूने वरचं रान सांभाळलं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. मोजमापाच्या वह्या चाळताना, कोणत्या वर्षी कोणतं लाकूड वखारीत येऊ लागलं ते पाहता पाहता हे मत तयार झालं, आणि मी त्यावर ठाम आहे.

त्या बुरशीची थोडी ओळख करून द्यायला हवी. लाकूड कुजवणाऱ्या बुरश्या पुष्कळ, पण सगळ्यांत सहज भेटणारी एक निवडतो: शिझोफायलम. १८१५ मध्ये एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिच्या नावातच 'सर्वसाधारण' असं लिहून ठेवलं. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ती आहे. तुमच्या अंगणात पडलेल्या आंब्याच्या फांदीवर पावसाळ्यात उगवणारे, नखाएवढ्या पंख्यासारखे, वरून लोकरी पांढरे तुकडे आठवा, तीच ती. खालून पाहिलं तर तिचे कल्ले मधोमध चिरलेले असतात. उन्हाने वाळली की ती चिरलेली पाती मिटून घेते आणि थेंबभर पाणी मिळालं की पुन्हा उघडते. रेजिनाल्ड बुलर या अभ्यासकाने काचेच्या नळीत निर्वात बंद करून ठेवलेले तिचे वाळके तुकडे पन्नासहून अधिक वर्षांनी पाणी देताच जिवंत झाले. तिच्यात नर-मादी असे दोन नव्हेत, तर वीस हजारांहून जास्त जोडीदार-प्रकार आहेत, त्यामुळे जवळपास कुणाशीही तिचं जुळतं. मणिपूरमध्ये लोक ती आवडीने खातात. तिथल्या बाजारात ती कांगलायेन म्हणून विकली जाते.

आता तिच्याशेजारी ते माकड ठेवा. मादी पहिल्यांदा आई होते तेव्हा सहा वर्षांची तरी असते. एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं साधारण अडीच वर्षांनी. कळप दहा-पंधरापासून तीस-पस्तीसचा, आणि त्याला वर्षभर काही ना काही पिकत राहील असं कितीतरी हेक्टर सलग रान लागतं. बुरशीला एक काटकी पुरते. तिचे बीजाणू वाऱ्यावर समुद्र ओलांडतात. हे माकड चहाच्या मळ्यातून जाणारा डांबरी रस्ता ओलांडताना मरतं. एक जीव विखुरण्यावर जगतो, दुसरा सलगपणावर. माणसाने गेल्या दीडशे वर्षांत सह्याद्रीत जे काही केलं ते सगळं तुकडे पाडण्याचंच होतं, म्हणून एकाची सरशी झाली आणि दुसऱ्याची वाताहत.

पण हे दोघे शत्रू नाहीत. सिंहपुच्छ माकड नुसतं फळांवर जगत नाही. दिवसातला बराच वेळ ते किडे शोधत असतं. साल सोलून काढतं, कुजक्या फांदीत बोटं घालतं, भुसभुशीत लाकूड उकरून अळ्या वेचतं. बुरशीने लाकूड मऊ केलेलं नसेल तर ती बोटं आत जाणार कशी? रानातल्या ढोल्याही बुरशीच्याच करणीच्या; धनेशाचं घरटं त्यांत, उडत्या खारीचं घर त्यांत. वखारीत ज्या ओंडक्याचा आवाज दबायचा तो आम्ही बाजूला काढायचो. रानात तोच ओंडका सगळ्यात जास्त जिवांना पोसतो.

कोकणात मात्र या कुजवणाऱ्या बुरशीशी माणसाचं एक प्रेमाचं नातंही आहे. जुन्या फणसाच्या खोडावर उगवणारा कठीण, तपकिरी फणसोंबा आजीने जपून ठेवलेला असायचा. लहान मुलाचं तोंड आलं, लाळ फार गळायला लागली, की सहाणेवर पाण्यात उगाळून ते गंध हिरड्यांना लावायचं. फणसोंबा म्हणजे फणसाच्या गाभ्यात शिरलेली बुरशी. तो दिसला म्हणजे झाडाचा आतला भाग कुजू लागला, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी केवळ त्यासाठी आमच्याकडे फणस तोडलेला मला आठवत नाही. फळं धरतात तोवर झाड उभं राहायचं.

राखण मोडली ती दोन बाजूंनी. आधी कॉफी आणि मग चहा आला. त्यांना लाकूड नकोच होतं, जमीन हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायनाड, निलगिरी, मुन्नार, आणि शतक सरताना वालपराईच्या पठारावर वेडिप्लावाची रानंच्या रानं कापून पेटवून दिली गेली. दुसरी बाजू रसायनांची, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते, कारण ती माझ्या धंद्याची आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. रुळाच्या प्रत्येक मैलाला पावणेदोन हजारांच्या आसपास स्लीपर लागत आणि साधं लाकूड काही वर्षांतच कुजून जाई. इंग्लंडात बेथेलने १८३८ मध्येच डांबरातून निघणारं क्रिओसोट तेल दाबाखाली लाकडात भरण्याची युक्ती काढली होती. मग १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. 'ॲस्क्यू' नावाने ते जगभर गेलं. विजेचे, तारेचे खांब त्यात बुडवून काढले गेले. विज्ञान म्हणून ते अव्वल होतं, आणि एका भारतीयाचं होतं, याचा मला अभिमान आहे. पण त्या दिवसापासून 'न टिकणारं' हे विशेषणच गळून पडलं. बुरशीला विष घालता आलं, तर कुठलंही झाड विकता येतं.

शेवटचा घाव प्लायवूडचा. मऊ, सरळ, गाठी नसलेला, जाड बुंधा यंत्रावर फिरवून पापुद्रे सोलायला उत्तम. सदाहरित रानातली झाडं नेमकी तशी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चहाच्या पेट्यांसाठी देशी प्लायवूडची मागणी वाढली. वेडिप्लाव पेट्यांत गेला. ज्या डोंगरावर त्याचं रान कापून चहा लावला, त्या चहाला बाजारात न्यायला पुन्हा त्याच्याच भावंडांची खोकी. दांडेलीला प्लायवूडचा कारखाना होता. उत्तर कन्नडाच्या रानातले ओंडके तिकडे जात. 'निवडक तोड' असं तिचं नाव होतं: ठरावीक घेराच्या वरचीच झाडं काढायची, बाकी रान उभं ठेवायचं. कागदावर ते समंजस वाटतं. पण सर्वांत मोठं झाड म्हणजेच सर्वांत जास्त फळणारं झाड, आणि ते पडताना आपल्याबरोबर छताचा तुकडा घेऊन पडतं. आमच्या वखारीत ते लाकूड आलं तेव्हा त्यामागचं हे कुणी बोललं नाही. ऐंशीच्या दशकात केरळ-कर्नाटकात सदाहरित रानातली ही तोड थांबली.

थांबली, यात त्या माकडाचाही वाटा आहे. पालक्काड जिल्ह्यात कुंतिपुळा नदीवर सायलेंट व्हॅलीचं धरण १९७३ मध्ये मंजूर झालं, तेव्हा या माकडाची मोजणी करणाऱ्यांना ते जगात काही शेच उरलं असावं असं वाटत होतं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक गावोगाव फिरले, कवयित्री सुगतकुमारी उभ्या राहिल्या, सलीम अलींनी आवाज उठवला. 'माकडं मोठी की माणसं?' हा प्रश्न तेव्हा सारखा विचारला गेला. धरणाचा विचार करायला नेमलेल्या एम. जी. के. मेनन यांच्या समितीत पुण्याचे माधव गाडगीळ होते. १९८३ मध्ये धरण रद्द झालं, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. लोक त्या माकडाला आंदोलनाचा चेहरा म्हणतात. त्या उद्यानातल्या सैरंध्रीच्या मनोऱ्यावरून खाली पाहताना मला त्या चेहऱ्यामागचं छत दिसत राहिलं: हिरव्याच्या कितीतरी छटा, आणि त्यात मधूनच पांढुरके, मेलेले, उभे बुंधे. ते बुंधे कुणी 'साफ' केले नव्हते, हे पाहून मला फार बरं वाटलं.

वालपराईला तसं छत नाही. पुदुतोट्टमच्या मळ्यात रानाचा एक लहान तुकडा उरला आणि त्यात सिंहपुच्छ माकडांचा कळप अडकला. संख्या वाढली, पण सवयी बदलल्या. ती जमिनीवर उतरतात, घरांच्या छपरांवर बसतात, स्वयंपाकघरात शिरतात. रस्त्यावर मरू नयेत म्हणून झाडाझाडांत झुलते पूल बांधले आहेत. दिव्या मुदप्पा आणि शंकर रामन यांनी तिथल्या मळ्यांतल्या उजाड तुकड्यांवर देशी झाडांची रोपं वाढवून लावली, त्यांत वेडिप्लावही आहे. रोप लावता येतं. शंभर वर्षांचा कुजका बुंधा मात्र लावता येत नाही; त्याला शंभर वर्षंच लागतात.

आणि आपल्याला सर्वांत जवळचा मुलूख, शिरसी-होन्नावरचा. गोव्याच्या हद्दीपासून दिवसभराच्या प्रवासात गाठता येतो. तिथे वेडिप्लाव नाही, तरी सिंगळीक आहेत, आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले. एच. एन. कुमारा आणि मेवा सिंग यांच्यासारख्या अभ्यासकांच्या पाहणीनंतर २०११ मध्ये अघनाशिनीचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. या रानात उप्पगे पिकतं, आपल्या कोकमाचंच भावंड. गावकरी त्याची सालं गोळा करून विकतात, आणि माकडंही ते खातात. नव्वदच्या दशकात परदेशी औषधवाल्यांनी या सालीला मोठा भाव दिला, तेव्हा कच्चीच फळं उतरवण्याची घाई सुरू झाली. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून ही सालं चुलीवर, धुरावर वाळवावी लागतात. त्यासाठी जळण लागतं, आणि जळण म्हणून आधी उचललं जातं ते रानात पडलेलं वाळकं-कुजकं लाकूड, कारण ते कुणाचंच नसतं आणि उचलायला परवाना लागत नाही असं सगळे धरून चालतात. राखीव क्षेत्राच्या हिशेबात माकडं मोजतात, उप्पगेची झाडं मोजतात. पडलेले ओंडके मोजलेले मी तिथे कुठे पाहिले नाहीत. ते मोजायला हातोडी आणि कान पुरतात, आणि मला कुणी बोलावलं तर मी आजही जाईन.